कारखाने विजेवर आणायचे, तर तारांचा खर्च कोणाचा?

कुंडईचा मेंटेनन्सवाला

गेल्या आठवड्यात इथे एक पोस्ट बरीच फिरली. तिचे सार असे: कारखान्यांना तेल-कोळसा सोडून विजेवर यायचे असेल तर त्यांनी स्वतःच्या खिशातून यावे, सरकारने एक पैसाही घालू नये, कारण आपल्याकडे उद्योगांना वीज आणली ती खाजगी भांडवलाने. दाखला खोपोलीचा. खाली बहुतेकांनी ‘अगदी बरोबर’ म्हटले आहे. मला ते वाचून स्वस्थ बसवेना, कारण मी रोज ज्या पॅनलसमोर उभा असतो तिथे या मताचे परिणाम दिसतात.

आधी खोपोली. १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली, हे खरे. भांडवल खाजगी होते, हेही खरे. पण टाटांच्याच मुळशीच्या धरणासाठी जमीन कोणी मिळवून दिली? मुंबई सरकारने, भूसंपादन कायदा लावून. १९२१ पासून सेनापती बापट तिथे लढले ते त्याच्याच विरोधात. सरकार बाजूला उभे होते आणि भांडवलदाराने एकट्याने सगळे केले, असे तिथेही झालेले नाही.

आणि खोपोलीच्या तेरा वर्षे आधी काय झाले ते त्या पोस्टमध्ये नाही. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्रला कावेरीवर वीजघर बांधले आणि सुमारे १४७ किलोमीटर तार ओढून ती वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली. पैसा संस्थानाचा, खाणी इंग्रज कंपन्यांच्या. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे दक्षिणेत विजेने आधी उद्योग चालवला आणि मग शहर उजळले, दोन्ही सरकारी पैशाने. स्वातंत्र्यानंतर कोयना झाली, १९७५ मध्ये एनटीपीसी ही केंद्राची वीजनिर्मिती कंपनी निघाली. ३१ डिसेंबर २०१३ ला पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीच्या रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) लाईनने दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली. हे सगळे सरकारी भांडवल आहे.

आता आपले. गोव्यात स्वतःची म्हणावी अशी वीजनिर्मिती जवळजवळ नाही. कोर्बा, विंध्याचल अशा केंद्रीय प्रकल्पांतला आपला वाटा कोल्हापूरहून कोलवाळच्या उपकेंद्रात येतो, काही कर्नाटकातल्या आंबेवाडीच्या बाजूने फोंडा-शेल्ड्याला येतो. त्या तारा नसत्या तर कुंडई, वेर्णा, कुंकळ्ळी या औद्योगिक वसाहती कागदावरच राहिल्या असत्या.

आमच्याकडे बॉयलर फर्नेस ऑइलवर आहे. एक किलो तेलात साधारण दहा हजार किलोकॅलरी. धुराड्यातून, पाइपांतून जाते ते वजा करून आठ हजार हाती लागतात, म्हणजे नऊ-साडेनऊ युनिट. तेवढी उष्णता साध्या हीटरने काढायची तर तेवढीच युनिटे जाळावी लागतील, ते कोणालाच परवडणार नाही. पण ज्या टाक्यांना फक्त ८० अंशांचे पाणी लागते, तिथे चिलरची (थंड करणाऱ्या यंत्राची) वाया जाणारी उष्णता उचलणारा हीट पंप बसवला तर एका युनिटात तिपटीने उष्णता मिळते. तीन-सव्वातीन युनिटांत काम होते. यंत्र बाजारात मिळते, मालकाची तयारी आहे, बँकही नाही म्हणत नाही. अडते ते पुढे. वाढीव भार मागितला की उत्तर मिळते: ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही, थांबा, नाहीतर लाईन स्वतःच्या खर्चाने ओढा.

वसाहतीपर्यंतचा रस्ता सरकार करते आणि त्यावरचा ट्रक मालक घेतो, यावर कोणी वाद घालत नाही. मग तारेच्या बाबतीत वाद का? माझे म्हणणे सरळ आहे. सरकारी पैसा कारखान्याच्या कुंपणाबाहेर घाला: उपकेंद्रात, फीडरमध्ये (उपकेंद्रापासून वसाहतीपर्यंतच्या लाईनमध्ये), ट्रान्सफॉर्मरमध्ये. कुंपणाच्या आतले कारखानदार बघेल.

पणजीचा करदाता

तुम्ही म्हैसूरला गेलात, सोलापूरला गेलात. गोव्यातली १९९१ पासूनची वीस वर्षे मात्र वगळलीत. मी ती वगळू देणार नाही.

१९९१ च्या अधिसूचनेने गोव्यातल्या उद्योगांना वीजबिलात २५ टक्के सवलत दिली. १९९५ मध्ये ती मागे घेतली. तरी दावे चालू राहिले, १९९६ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या, खटले झाले. शेवटी २००२ मध्ये विधानसभेला कायदा करावा लागला की यापुढे ही सवलत द्यायची नाही आणि दिलेली वसूल करायची. कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१० मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. एका सवलतीचा निकाल लागायला जवळजवळ दोन दशके. त्या काळात शाळांची छपरे गळत होती. मी स्वतः एका गावात शिकवायला जात होतो. पावसाळ्यात मुलांना कोपऱ्यात दाटीवाटीने बसवायचो. म्हणून ‘उद्योगासाठी सरकारी पैसा’ हे शब्द ऐकले की मला संताप येतो, आणि तो यायलाच हवा.

सांकवाळचा ४८ मेगावॅटचा नाफ्त्यावरचा प्रकल्पही आठवा. खाजगी होता, पण वीज घेण्याचा करार सरकारचा. नाफ्ता महागला की ती वीज किती महाग पडायची, हे त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उद्योगाला वीज हवी म्हणून जोखीम सरकारने घेतली आणि बिल आपण भरले.

कुंडईचा मेंटेनन्सवाला

काका, तुमचा राग रास्त आहे. पण तुम्ही सांगितलेली दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. २५ टक्के सवलत ही बिलातली सूट होती. ती दिली, खर्च झाली, मागे काही उरले नाही. तोच पैसा १९९१ मध्ये उपकेंद्रांत गेला असता तर ती उपकेंद्रे आजही उभी असती आणि त्यावर न्यायालयात जायचे कोणाला कारणच नव्हते. मी सवलत मागत नाही. मी मालमत्ता मागतो आहे, आणि तीसुद्धा सरकारच्याच नावावर राहणारी.

पणजीचा करदाता

‘मालमत्ता’ म्हणून मागायचे आणि चार वर्षांनी ‘दर परवडत नाही’ म्हणून सवलतीसाठी मंत्र्याच्या दारात उभे राहायचे, हा क्रम मी पाहिलेला आहे. तुमच्यावर व्यक्तिशः आरोप नाही. पण तुमच्या मालकाची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

वेर्णा नाईट शिफ्ट

मी औषध कंपनीत युटिलिटी बघतो. दराबद्दल सगळे बोलतात, विजेच्या दर्जाबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो.

मेच्या अखेरीस पहिले वादळी पाऊस सुरू झाले की फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कधी पाच मिनिटे, कधी दोन तास. आमच्या बंद खोल्यांत हवेचा दाब आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत राहावी लागते. जनरेटर उचलेपर्यंत एअर हँडलिंग बंद पडते, दाब कोसळतो, नोंद होते आणि मग आख्ख्या बॅचवर प्रश्नचिन्ह. मागच्या पावसाळ्यात एक बॅच अशीच अडकली. चौकशी, अहवाल, रात्रभर सह्या. वरिष्ठ मला विचारतात ‘का झाले’, आणि माझ्याकडे उत्तर नसते.

अशा ठिकाणी तुम्ही सांगता, बॉयलर काढा, विजेवर या. बॉयलर मला संध्याकाळी सहा वाजता सांगून बंद होत नाही. तेल टाकीत दिसते. तार किती वेळ जिवंत राहील, हे कोणी लिहून देत नाही. आधी ते लिहून द्या, मग हीट पंपाचे बोला.

कुंकळ्ळीतल्या इंडक्शन फर्नेसवाल्यांना विचारा. एक टन पोलाद वितळवायला साधारण साडेपाचशे-सहाशे युनिटे लागतात. वितळवण अर्ध्यावर असताना वीज गेली तर धातू भट्टीतच गोठायला लागतो, भट्टीच्या आतल्या लाईनिंगला तडे जातात आणि कॉइल थंड ठेवणारे पाणी चालू ठेवायला डिझेल पंप धावत सुरू करावा लागतो. ते लोक केव्हाच विजेवर आहेत, आणि सगळ्यांत जास्त तेच भोगतात.

निवृत्त लाईनमन, फोंडा

नाईट शिफ्ट, ‘तार किती वेळ जिवंत राहील’ हे वाचून वाईट वाटले. पावसात त्या तारेवर कोण चढते, याचा विचार कधी केला का? जुलै महिन्यात, झाड पडून तुटलेली तार जोडायला, खाली चिखल, वर वीज कडाडते आहे. माझा एक सहकारी तसाच गेला. त्याच्या मुलाला मी आजही सणाला भेटतो.

मुक्तीनंतर या राज्यात शेजारून तारा ओढून वीज आणली ती सरकारने. सत्तरी-सांग्याच्या चार घरांच्या वाड्यावर खांब नेले ते सरकारने. कोणत्या कंपनीने ते केले असते? चार घरांचे बिल किती, खर्च किती? आजही गोव्यात वीज सरकारी खातेच चालवते, त्याचे महामंडळ झालेले नाही, याचा मला अभिमान आहे.

आणि वीज कमी पडते तर तमनारची लाईन, म्हणजे कर्नाटकातून येणारी गोवा-तमनार प्रकल्पाची नवी लाईन, पूर्ण होऊ द्या. गोव्याला ४०० केव्हीची दुसरी जोडणी मिळाली की कोलवाळवरचा भार हलका होईल. वर्षानुवर्षे अडवून धरली आहे. अडवणारेच मग वीज गेली म्हणून ओरडतात.

धारबांदोड्याची

लाईनमन काका, तुमच्या सहकाऱ्याबद्दल मनापासून दुःख आहे. पण ‘अडवणारे’ म्हणजे आम्ही, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा तोडून ती लाईन न्यायची होती. आम्ही म्हणालो, आंबेवाडीहून येणारा २२० केव्हीचा पट्टा आधीच आहे, तिथूनच न्या. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीनेही तीच शिफारस केली आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ती मान्य केली. म्हणजे आमचे म्हणणे बरोबर होते, हे देशातल्या सर्वोच्च ठिकाणी ठरले. वेळ गेला तो आमच्यामुळे नाही. ज्यांनी आधी नकाशा पाहिला नाही त्यांच्यामुळे गेला.

या चर्चेत सगळे कुंपणाबाहेरची तार सरकारने आणावी म्हणतात. ती तार कोणाच्या तरी डोंगरावरून येते. आमच्या मामाच्या काजूच्या भाटावरून (बागेवरून) जुनी लाईन गेली आहे. जमीन नावावर मामाचीच. पण तारेखाली उंच झाड ठेवता येत नाही, घर बांधता येत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक परत जाते. टॉवरसाठी जमीन संपादित करत नाहीत, फक्त नुकसानभरपाई देतात. २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले. म्हणजे इतकी वर्षे आमच्यासारख्यांना कमी मिळत होते, हे सरकारनेच कबूल केले. ज्यांच्या जमिनी आधी गेल्या त्यांचे काय? मामाला तेव्हा हातावर ठेवलेली रक्कम सांगायलाही लाज वाटते.

निवृत्त लाईनमन, फोंडा

ताई, भरपाईचे मी नाकारत नाही. पण जुन्या पट्ट्यातून नेणे कागदावर सोपे दिसते. २२० केव्हीला पट्टा सुमारे ३५ मीटरचा लागतो, ४०० ला ४६. तोच पट्टा वापरायचा म्हटले तरी रुंदी वाढते, आणि चालू लाईन बंद ठेवून काम करायचे तर तेवढे दिवस दक्षिण गोव्याने काय करायचे? तुम्ही कधी शटडाऊन घेऊन काम केले आहे का? मी आयुष्यभर तेच केले.

धारबांदोड्याची

मी शटडाऊन घेतलेले नाही. पण मार्ग आहेत. जुन्या तारा काढून त्याच मनोऱ्यांवर एचटीएलएस (जास्त तापूनही कमी झोळणाऱ्या) तारा चढवल्या तर जवळजवळ दुप्पट प्रवाह नेता येतो. एकाच मनोऱ्यावर जास्त सर्किट नेता येतात. हे महाग पडते, म्हणून कोणी आधी विचारात घेत नाही. इथेच मेंटेनन्सवाल्यांच्या ‘सार्वजनिक गुंतवणुकी’ची परीक्षा आहे. जंगल वाचवायला चार पैसे जास्त घालायची तयारी आहे का? की सार्वजनिक पैसा फक्त कारखान्याच्या दारापर्यंत यायला हवा आणि जंगल फुकटात घ्यायचे?

वेर्णा नाईट शिफ्ट

आम्ही मूळ मुद्द्यावर आहोत की मोलेवर? एक बॅच गेली की किती माणसांच्या मेहनतीवर पाणी पडते, याचा इथे कोणी विचारच करत नाही. झाडांइतकी माणसांचीही काळजी करा.

धारबांदोड्याची

मोले हाच मूळ मुद्दा आहे. तुमच्या बॅचचे नुकसान मोजता येते, म्हणून ते तुम्हाला खरे वाटते. आमच्याकडचे झरे आटले तर त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते? आणि ‘माणसांची काळजी करा’ हे मला सांगू नका. धारबांदोड्यात माणसेच राहतात. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसली तीही माणसेच होती.

पणजीचा करदाता

धारबांदोड्याच्या ताईंच्या बाजूने एक गोष्ट जोडतो. तमनारची लाईन सरकारी नाही. खाजगी कंपनीने बोली लावून घेतलेली आहे. अशा करारात कंपनी बांधते आणि पुढची ३५ वर्षे वार्षिक पारेषण शुल्क (वीज वाहून नेण्याचे पैसे) घेते. ते शुल्क शेवटी आपल्याच बिलात येते. म्हणून ‘खाजगी भांडवल आले, जनतेला भुर्दंड नाही’ हे त्या मूळ पोस्टमधले वाक्य चुकीचेच आहे. मी त्या पोस्टला लाइक केले होते ते सवलतीच्या रागाने; या वाक्याशी मी सहमत नाही.

पण यातून मेंटेनन्सवाल्यांचेही सिद्ध होत नाही. सरकारने बांधले काय, खाजगीने बांधले काय, भरणार ग्राहकच. मग ज्या ग्राहकाला गरज आहे त्याने भरावे. घरगुती ग्राहकाने का?

स्विंडनचा गोंयकार

इंग्लंडमधून लिहितो, कारण आमच्याकडे हे आत्ताच घडले आहे. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बॉटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची आर्क भट्टी बसते आहे. खर्च सव्वाशे कोटी पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. आणि नोकऱ्या गेल्या अडीच हजारांहून जास्त. भंगार वितळवायला कमी माणसे लागतात, हे कोणी आधी मोठ्याने सांगितले नाही.

माझ्या ओळखीतला एक जण तिथे कंत्राटावर होता. आता इथे गोदामात पॅकिंग करतो. सरकारचे पैसे कुंपणाच्या आत गेले, मालकाच्या भट्टीत. कामगार बाहेर आला.

म्हणून ‘सार्वजनिक गुंतवणूक’ म्हणताना पैसा कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे आधी लिहून घ्या. नंतर कोणी विचारत नाही.

कुंडईचा मेंटेनन्सवाला

स्विंडनकर, हे लिहिलेत ते बरे झाले. याच्याच शेजारी जर्मनीचे ठेवा. जून २०२५ मध्ये आर्सेलरमित्तलने ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाटच्या कारखान्यांसाठी मंजूर झालेले १३० कोटी युरोंचे सरकारी अनुदान नाकारले. भट्टीला पैसे मिळत होते, तरी नको म्हणाले. एक कारण: वीज महाग आणि हिशोब बसत नाही. यंत्रासाठी कितीही पैसा द्या, स्वस्त आणि खात्रीची वीज दारात नसेल तर कोणी यंत्र बसवत नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणतो आहे.

आपल्याकडे एक काम नीट झालेले आहे, त्याचे कोणी नाव घेत नाही. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण. सुमारे ७४० किलोमीटर, १,२८७ कोटी रुपये, मार्च २०२२ मध्ये पूर्ण. इंजिन कोणाचे, मालगाडी कोणाची, हा प्रश्न न विचारता आधी तार टाकली. आता मडगाववरून जाणारी प्रत्येक गाडी तिचा फायदा घेते. कारखान्यांसाठी हेच करा.

पणजीचा करदाता

कोकण रेल्वेचे उदाहरण चांगले आहे, हे मान्य करतो. पण तिथे तार टाकणारी आणि गाडी चालवणारी संस्था सरकारीच होती. तार पडून राहील ही भीती नव्हती. तुमच्या वसाहतीत ट्रान्सफॉर्मर बसवला आणि दोन कारखाने दुसऱ्या राज्यात निघून गेले, तर? लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर डिचोली-सांग्यात ट्रक आणि बार्जेस कशा उभ्या राहिल्या ते आपण पाहिले. त्यांची कर्जे कोणी फेडली? सरकारने तिथेही मदत दिली, माझ्याच करातून.

केंद्राने २०२१ मध्ये आरडीएसएस ही वीजवितरण सुधारण्याची योजना आणलीच. एकूण तीन लाख कोटींच्या वर, त्यात केंद्राचे अनुदान ९७,६३१ कोटी. त्यातला मोठा भाग प्रीपेड स्मार्ट मीटरवर. म्हणजे वितरण सुधारायचे म्हणून माझ्या घराला मीटर, आणि फीडरसाठी वेगळी मागणी!

सत्तरीची काजूवाली

इतके वाचून झाल्यावर लिहिते, कारण ‘उद्योग’ म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर औषध कंपन्या आणि भट्ट्याच आहेत.

माझे काजूप्रक्रियेचे छोटे युनिट आहे, बायका मिळून चालवतो. बी वाफवायला छोटा बॉयलर, गर वाळवायला बोरमा. जळण म्हणजे आमच्याच काजूची टरफले. ती फुकट आहेत. ती जाळून धूर होतो, डोळे चुरचुरतात, शेजारी तक्रार करतात, हे खरे. पण वीज फुकट नाही. वाफवण्यासाठी मला विजेवर यायचे नाही आणि मला कोणी तिथे ढकलू नये. बोरमा मात्र विजेवर हवा आहे. तापमान सारखे राहिले तर गर पिवळा पडत नाही, तुकडा कमी होतो आणि भाव चांगला मिळतो.

केंद्राने २०२५ मध्ये लघुउद्योगांना ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांसाठी व्याजात सवलत देणारी योजना आणली, हजार कोटींची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के सूट. चांगली आहे. पण व्याजात सूट मिळवायला आधी कर्ज घ्यावे लागते, कर्जाला तारण लागते आणि भाट नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असते. एका बँकेत मला विचारले, ‘घरातले कोणी पुरुष आले नाहीत का?’ मी उठून आले.

आणि हंगामाचे कोणीच बोलत नाही. आमची बी संपली की काही महिने शेड जवळजवळ बंद. पण मंजूर भाराचा स्थिर आकार बारा महिने लागतो, यंत्र चालो न चालो. मोठ्या कारखान्याला हे जाणवतसुद्धा नसेल. आमचा त्यात सगळा नफा जातो.

वेर्णा नाईट शिफ्ट

ताई, स्थिर आकार का असतो, तर तुमच्यासाठी राखून ठेवलेली क्षमता दुसऱ्याला देता येत नाही म्हणून. तो सगळ्यांनाच लागतो.

सत्तरीची काजूवाली

ते मला कळते. पण माझा हंगाम जोरात असतो तो मार्च ते मे, आणि पावसाळ्यात मी जवळजवळ काहीच वापरत नाही. हंगामी भाराचा वेगळा दर ठरवता येणार नाही, असे कोणी म्हणू नये. ज्याला ठरवायचे आहे त्याला सगळे ठरवता येते.

निवृत्त लाईनमन, फोंडा

काजूवाल्या ताईंचे बरोबर आहे. हंगामाप्रमाणे भार कमीजास्त करून देणे अशक्य नाही. मी मोलेबद्दल जे लिहिले त्यावर ठाम आहे. पण जुन्या मनोऱ्यांवर नव्या तारा चढवायच्या हे धारबांदोड्याच्या ताईंनी सांगितले, त्याला तांत्रिक विरोध नाही. पैसे लागतील आणि कुशल माणसे लागतील. माणसे आता राहिली नाहीत. कंत्राटी मुलगा सहा महिन्यांत सोडून जातो. सार्वजनिक गुंतवणूक म्हणता ना, त्यात लाईनमनचा पगारही धरा. तार स्वतःहून दुरुस्त होत नाही.

धारबांदोड्याची

काका, एवढे तरी मान्य केलेत. भरपाईचा प्रश्न तसाच आहे, हे विसरू नका.

पणजीचा करदाता

माझे म्हणणे आता अटींच्या रूपात मांडतो, म्हणजे मी सरसकट विरोधक आहे असा शिक्का बसायला नको.

मेंटेनन्सवाल्यांनी शिवनसमुद्रचा दाखला दिला, पण त्यातला अर्धाच भाग सांगितला. संस्थानाने तार ओढली ती कोलारच्या कंपन्यांशी आधी करार करून. विजेचा दर कंपन्यांनी भरला. भेट दिलेली नव्हती. तसेच इथे करा. ज्या वसाहतीला नवे उपकेंद्र हवे, तिथल्या कारखान्यांनी लेखी द्यावे की आम्ही इतका भार इतकी वर्षे घेऊ, घेतला नाही तरी इतके पैसे भरू. मग सरकारने खुशाल बांधावे. बिलात सवलत शून्य. मार्गात जंगल किंवा कोणाचे भाट असेल तर त्याची पूर्ण किंमत प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा. आणि भार न घेता वसाहतीतला प्लॉट अडवून बसणाऱ्यांची नावे जाहीर करा. हे सगळे मान्य असेल तर माझ्या करातून फीडर होऊ द्या, मी तक्रार करणार नाही.

कुंडईचा मेंटेनन्सवाला

मान्य. आज लिहून देतो. आमच्या मालकांनाही दाखवले. ते म्हणाले, सात वर्षांचा करार करायला तयार आहोत, फक्त वीज किती वेळा गेली तर चालेल याचा आकडा समोरच्यानेही करारात लिहावा. भार घेतला नाही तर आम्ही दंड भरू, आणि वीज दिली नाही तर आम्हाला दंड मिळावा. ती अट एकतर्फी नको.

वेर्णा नाईट शिफ्ट

हे झाले तर मी पहिला सही करीन.

सत्तरीची काजूवाली

तुम्ही सगळे सह्या करून मोकळे झालात. सात वर्षांचा करार माझ्यासारखीने कसा करायचा? पुढच्या वर्षी काजूला मोहोर येईल की अवकाळी पावसाने गळेल, हे मला ठाऊक नाही. होंड्याच्या किंवा पिसुर्ल्याच्या वसाहतीतले मोठे कारखाने भार बांधून घेतील, ट्रान्सफॉर्मर त्यांच्या नावावर भरून जाईल आणि दोन वर्षांनी मी वीस किलोवॅट मागायला गेले की मला पुन्हा तेच ऐकायला मिळेल: जागा नाही. करदाते काका, तुमच्या अटींत एक घाला. प्रत्येक नव्या उपकेंद्रातला काही भाग करार न करू शकणाऱ्या छोट्यांसाठी राखून ठेवायचा. किती, ते तुम्ही आणि मेंटेनन्सवाल्यांनी मिळून सांगा. आकडा आल्याशिवाय मी याला हो म्हणणार नाही.